शेजारच्या बांधकामाची धूळ मोजायची कशी? मीटर पहाटे जास्त दाखवतो, काम चालू असताना कमी

विणकरघर, वडगाव

नमस्कार. बेळगावच्या वडगावात आमचं जुनं घर आहे. खाली माग, वर आम्ही राहतो. शेजारचं कौलारू घर डिसेंबरात पाडलं, आता तिथं चार मजली अपार्टमेंट उभं राहतंय. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब पडलाय, खाली ब्लॉकच्या भिंती आणि वायरिंगसाठी चर मारायचं काम चालू आहे. त्यांची भिंत आणि आमच्या मागघराची खिडकी यांच्यात माणूस आडवा होऊन जाईल एवढीच जागा.

धूळ येते की नाही हा प्रश्नच नाही. किती येते, हे दुसऱ्याला पटेल असं कसं मोजायचं ते विचारायचंय.

आमच्यासाठी हा फक्त झाडलोटीचा त्रास नाही. मागावर फिकट रंगाचा बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) चढवलेला असला की दुपारपर्यंत ताण्यावर राखी थर बसतो. धोट्यातल्या आडव्या सुताच्या कांड्यासुद्धा झाकून ठेवाव्या लागतात. साडी विणून घडी घातली की घडीवर मळकट पट्टा दिसतो, आणि व्यापारी मजुरी कापतो. मामंजींना दमा आहे, जन्मभर सुताची तूस (उडणारे बारीक तंतू) श्वासात गेलेली. डॉक्टर म्हणाले खिडक्या बंद ठेवा. बंद ठेवल्या तर आतली तूस आतच राहते.

बिल्डरच्या माणसाला सांगितलं, दोन दिवस पाणी मारलं, पुन्हा तेच. एका कार्यालयात तोंडी सांगितलं तर म्हणाले, "धूळ मर्यादेपेक्षा जास्त आहे याला आधार काय?" म्हणून ऑनलाइन हवेचा मीटर मागवला. खिडकीत ठेवला. पहाटे धुकं असताना, साईट बंद असताना, पीएम २.५, म्हणजे हवेतले अगदी बारीक कण, दीडशेच्या आसपास. सकाळी अकराला कटर चालू, डोळ्यांत खडे गेल्यासारखं होतंय, खिडकीची पट्टी पांढरी झालीय, आणि मीटर पन्नास-पंचावन्न. पीएम १० चा, म्हणजे त्याहून मोठे कणही धरणारा आकडा त्याहून थोडासाच वर. साईटवरचा सुपरवायझर तेच बघून म्हणाला, "वैनी, तुमचंच मशीन सांगतंय की काम बंद असताना धूळ जास्त."

मोबाईलवर बेळगावची हवा बघितली तर "समाधानकारक".

मीटर खराब आहे का? नसेल तर असं का दाखवतो? आणि कुठलं मोजमाप धरलं जाईल? माहिती असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा, घाईचं उत्तर नको.

---

काचेचा फिल्टर

ताई, मी आता निवृत्त आहे. नोकरीची बरीच वर्षं हवेचे नमुने घेण्यात गेली, त्यातली बहुतेक उद्यमबागच्या फौंड्र्यांच्या आसपास. तुम्ही सविस्तर मागितलंय म्हणून सविस्तर लिहितो.

मीटर खराब नाही. पण तुम्हाला जे बघायचंय ते त्याला दिसत नाही.

त्या छोट्या मशीनमध्ये एक पंखा हवा ओढतो, आत लेसरचा किरण असतो, कण त्यातून गेला की प्रकाश विखुरतो आणि त्यावरून आकडा काढला जातो. बारीक कणांना, म्हणजे धुराच्या जातीच्या, हे बरं चालतं. बांधकामाची धूळ वेगळी. माती, खडीचा चुरा, एम सँडची (दगड फोडून केलेल्या वाळूची) भुकटी, ब्लॉकचा चुरा हे बहुतेक अडीच मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कण असतात. ते जड असतात, त्या इवल्या पंख्याने नीट आत ओढले जात नाहीत, वाटेतच बसतात. मीटरवरचा पीएम १० चा आकडा बऱ्याच अंशी बारीक कणांवरून अंदाजाने काढलेला असतो. म्हणूनच तो तुमच्याकडे पीएम २.५ च्या मागेमागे चालतो. कटर चालू असताना खरी धूळ त्याच्या कितीतरी वर असणार.

आता पहाटेचं. धुक्यात कण पाणी धरतात, फुगतात, आणि लेसरला मोठे दिसतात. धुक्याचे थेंबही त्यात मोजले जातात. सरकारी स्वयंचलित यंत्रात हवा आत घेताना तापवून ओल काढतात, तुमच्या मीटरमध्ये ती सोय नाही. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असेल तर त्या वेळचा आकडा वहीत लिहा, पण त्यावरून वाद घालू नका. शिवाय थंडीच्या पहाटे वारा पडलेला असतो, थंड हवा खाली बसते, बंबाचा आणि कचरा जाळल्याचा धूर गल्लीतच राहतो. पहाटेच्या आकड्यात थोडा खरा धूर आहे, बराचसा धुक्याचा फुगवटा आहे, आणि साईटचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. सुपरवायझरला हे सांगा.

"समाधानकारक" बद्दल. बेळगावात प्रदूषण नियंत्रण मंडळाचं स्वयंचलित केंद्र रामतीर्थनगरला आहे. तिथल्या हवेवरून वडगावच्या गल्लीतली धूळ सांगणं म्हणजे खानापूरला पडलेल्या पावसावरून अथणीचा पाऊस सांगणं. ते केंद्र शहराची सर्वसाधारण हवा कशी आहे हे बघण्यासाठी आहे, तुमच्या खिडकीसाठी नाही.

आणि सरासरी. आपल्याकडे २००९ च्या मानकांप्रमाणे पीएम १० ची मर्यादा २४ तासांच्या सरासरीला १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, वर्षाच्या सरासरीला ६०. पीएम २.५ ची ६० आणि ४०. समजा कटर आणि टिप्परच्या चार तासांत तुमच्या खिडकीशी ३०० आहे आणि उरलेल्या वीस तासांत ५०. सरासरी येते ९२ च्या आत. कागदावर मर्यादेत. मामंजींनी मात्र चार तास ३०० घेतलेले आहेत. म्हणून सांगतो, दिवसाच्या एका आकड्याच्या मागे लागू नका. कुठल्या वेळी, कुठलं काम चालू असताना, वारा कुठून असताना धूळ चढली, ही नोंद ठेवा. ती खोडता येत नाही.

दोन गोष्टी करा.

पहिली, तसलाच आणखी एक मीटर मिळवा, कुणाचा उसना मिळाला तरी चालेल. आधी दोन्ही एकाच टेबलावर शेजारी शेजारी दोन-तीन दिवस ठेवा. एक नेहमी थोडा जास्त दाखवत असेल तर तो फरक लिहून ठेवा. मग एक साईटच्या अलीकडे, म्हणजे वारा जिथून येतो तिकडे, आणि एक पलीकडे. दोघांमधला फरक हा साईटचा. मीटर मोठे कण कमी धरतो, त्यामुळे हा फरक खऱ्यापेक्षा कमीच असणार, तो फुगवलेला आहे असं कुणी म्हणू शकणार नाही. वाऱ्यासाठी तुमच्याकडे सुताचा तोटा नाही, गच्चीवर काठीला रेशमाचा एक धागा बांधा. थंडीत आपल्याकडे वारा बहुधा पूर्वेकडून असतो, मार्चनंतर दुपारी पश्चिमेचा चढतो. मीटरांच्या जागा त्याप्रमाणे बदलाव्या लागतील.

दुसरी गोष्ट जुनी आहे, विजेशिवाय चालते, आणि तुमच्या त्रासाला जास्त जवळची आहे: बसणारी धूळ. ताण्यावर बसते ती हीच. सरळ कडांची, २० सेंटीमीटर तोंडाची, खोल बादली घ्या. गच्चीवर स्टुलावर, कठड्याच्या वर तोंड येईल अशी, भिंतीपासून आणि झाडापासून लांब ठेवा. तळाला थोडं पाणी घाला म्हणजे बसलेली धूळ पुन्हा उडत नाही. पाणी बोअरचं नको, त्यातले क्षार शेवटी वजनात येतात. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणा. वर मोठ्या भोकांची जाळी, पक्ष्यांसाठी. महिन्याने बारीक गाळणीतून पानं-किडे काढा, बादलीच्या कडा ब्रशने त्याच पाण्यात धुवा, आणि सगळं पाणी आधी वजन केलेल्या हलक्या भांड्यात मंद आचेवर आटवा. कोरडं झालं, गार झालं की पुन्हा वजन. शहापुरात कुणाही सोनाराकडे मिलिग्रॅमचा काटा असतो, दोन्ही वजनं त्याच काट्यावर करा.

हिशोब असा. तोंडाचं क्षेत्रफळ ०.०३१४ चौरस मीटर. तीस दिवसांत समजा ०.६६ ग्रॅम धूळ निघाली, तर दर चौरस मीटरला दिवसाला सुमारे ७०० मिलिग्रॅम. भारतात बसणाऱ्या धुळीला मानक नाही. जर्मनीत ३५० मिलिग्रॅम ही वर्षाच्या सरासरीची मर्यादा आहे, म्हणजे तुमच्या बादलीत महिन्याला ०.३३ ग्रॅम. दुसरी बादली तीन-चार गल्ल्या सोडून, जिथं बांधकाम नाही अशा नातेवाइकांच्या गच्चीवर ठेवा. दोन्हींची तुलना करा. त्याशिवाय एकट्या बादलीला अर्थ नाही.

यातलं काहीही कायद्याने "नमुना" ठरत नाही हे लक्षात असू द्या. तो मंडळानेच घ्यायचा. त्यांचं यंत्र मिनिटाला सुमारे १.१ घनमीटर हवा ओढतं, जाड कण खाली कपात पडतात, दहा मायक्रॉनखालचे काचतंतूच्या फिल्टरवर बसतात. फिल्टर आधी आणि नंतर तोलायचा. २४ तासांत १५८४ घनमीटर हवा गेली आणि फिल्टर ०.२४ ग्रॅमने वाढला तर पीएम १० सुमारे १५१ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. हे यंत्र तुमच्या गच्चीवर यावं यासाठीच वरची सगळी नोंद.

---

अनगोळ साईट

वैनी, मी स्वतः साईट बघतो, तुमच्या शेजारची नव्हे. काकांनी मोजायचं सांगितलं, मी धूळ कुठून उठते ते सांगूलालोय, म्हणजे वहीत काय लिहायचं ते कळेल.

तुमच्या टप्प्याला सगळ्यात जास्त तीन ठिकाणांहून. एक, ब्लॉक आणि टाइल कोरडे कापणं आणि भिंतीला कोरडे चर मारणं. दोन, एम सँड उतरणं. नदीची वाळू होती तेव्हा एवढं नव्हतं, एम सँडमध्ये भुकटी असते, टिप्परने मागचा फाळका सोडला की ढग उठतो. तीन, संध्याकाळी कोरडं झाडणं. हे तिसरं कुणी मोजत नाही आणि रोज होतं.

तिन्हीला उपाय स्वस्त आहे. कटरला पाण्याची बारीक नळी लावायची, नसेल तर एकाने बाटलीने पाणी सोडत राहायचं. एम सँड ओली मागवायची आणि उतरली की ताडपत्री. झाडायच्या आधी पाणी शिंपडायचं, आणि धूळ गोणीत भरून ठेवायची, पुढच्या रस्त्यावर ढकलायची नाही. दिवसाला एकदा टँकरने सगळीकडे पाणी मारून काही होत नाही, एप्रिलच्या उन्हात तासाभरात सुकतं. कापायच्या क्षणी, कापायच्या जागी पाणी पाहिजे. त्याला पाणीही कमी लागतं. "पाणी नाही" हे कारण कुणी दिलं तर क्युरिंगचं (काँक्रीट ओलं ठेवायला मारलेलं) वाहून जाणारं पाणी कुठं जातं ते विचारा.

हिरवी जाळी लावा असं सगळे सांगतात. लावायलाच पाहिजे, पण ती खडे आणि मोठा कचरा अडवते. बारीक भुकटी आरपार जाते. तुमच्या बोळाच्या बाजूला पत्रे किंवा ओलं गोणपाट जास्त उपयोगाचं.

नियमाचं म्हणाल तर केंद्राने २५ जानेवारी २०१८ ला बांधकामाच्या धुळीसाठी अधिसूचना काढली. उघड्यावर कापणं-घासणं बंद, माती-वाळू उघडी ठेवायची नाही, रस्त्यावर माल टाकायचा नाही, गाडी झाकल्याशिवाय न्यायची नाही, इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश आणि जास्तीत जास्त १० मीटर उंचीचा वारारोधक, पाण्याचे फवारे, आणि हे उपाय साईटवर फलकावर लिहायचे. यातला काही भाग पर्यावरण मंजुरी लागणाऱ्या मोठ्या कामांना आहे, म्हणजे २०,००० चौरस मीटरच्या वरच्या, आणि काही भाग जिथं धूळ मर्यादेबाहेर आहे अशा शहरांना. चार मजल्यांचं अपार्टमेंट पहिल्यात बसत नाही. पण चांगलं काम कसं असतं याची ती छापील यादी आहे. मी आमच्या मालकाला तीच दाखवून पाण्याच्या नळीचा खर्च मंजूर करून घेतला. मुंबईत ऑक्टोबर २०२३ पासून महापालिकेने पत्र्यांची उंची २५ आणि ३५ फूट ठरवून दिलीय आणि साईटवर सेन्सर ठेवायला सांगितलंय. आपल्याकडे केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात कर्नाटकातून बेंगळुरू, हुबळी-धारवाड, दावणगेरे आणि कलबुर्गी आहेत, बेळगाव नाही. त्यामुळे इथं ते आपोआप येईल म्हणून थांबू नका.

आणखी एक सांगतो, रागावू नका. कटर धरणारा पोरगा तुमच्या खिडकीपेक्षा कितीतरी पट धूळ घेतो. बहुतेक रायचूर, कलबुर्गीकडची माणसं, तोंडाला टॉवेल बांधलेला, बायकापोरं साईटवरच खाली राहतात. ब्लॉक, ग्रॅनाइट, काँक्रीट कोरडं कापलं की सिलिका, म्हणजे दगड-वाळूतली बारीक भुकटी, उडते, आणि फुप्फुसात गेलेली सिलिका परत निघत नाही. टॉवेलने ती अडत नाही. तक्रारीत हे पण लिहा. ओलं कापा ही मागणी तुमच्यासाठी आणि त्यांच्यासाठी एकच आहे, आणि ते लोक तुमच्या बाजूने बोलतील.

---

किल्ला तलाव

कागदाचं थोडक्यात. अर्ज महापालिका आयुक्तांच्या नावे, प्रत मंडळाच्या बेळगाव प्रादेशिक कार्यालयाला. कुणी कॅम्प भागातलं वाचत असेल तर तिथं कँटोन्मेंट बोर्ड. अर्ज कन्नडमध्ये करा, ओळखीच्या कुणाकडून लिहून घ्या. माझ्या अनुभवात त्याने वेळ वाचतो, आणि आपली मागणी समोरच्याने स्वतः वाचलेली असते, कुणी सांगितलेली नसते. पोच घ्याच. राज्य सरकारच्या १९०२ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो, तो अर्जात लिहा.

अर्जात "फार धूळ येते" हे वाक्य नको. तारीख, वेळ, काम, फोटो, आणि मागण्या तीनच: ओलं कापणं, एम सँड झाकणं, बोळाच्या बाजूला पत्रे. शेवटी मंडळाने आमच्या गच्चीवर नमुना घ्यावा ही विनंती. माहिती अधिकारात बांधकाम परवान्याची प्रत मागवा, अटी त्यात असतात.

पुढे लागलंच तर हवा कायदा १९८१ च्या कलम ४३ खाली मंडळाला ६० दिवसांची नोटीस देऊन नागरिक स्वतः न्यायालयात जाऊ शकतो. हरित न्यायाधिकरणाचं आपलं पीठ चेन्नईला, तिथं वादाचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते. डिसेंबरपासून मोजा.

---

विणकरघर, वडगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. दुसरा मीटर नणंदेच्या ओळखीतून मिळाला. दोन्ही शेजारी ठेवले तर नवा चार-पाचने जास्त दाखवतो, ते लिहून ठेवलंय. गच्चीवर धागा बांधलाय. एक बादली आमच्याकडे, एक खासबागला आत्याबाईंच्या गच्चीवर. वहीतलं एक पान इथं देते, बरोबर आहे का सांगा:

"मंगळवार. १०.४० एम सँडचा टिप्पर, ताडपत्री नाही, वाळू कोरडी. वारा साईटकडून आमच्याकडे. आमचा मीटर ८८, पलीकडचा (चार वजा करून) ४१. ११.०५ ब्लॉक कापणं, पाणी नाही. ९६, ४३. १२.१५ जेवणाची सुट्टी, कटर बंद. ४९, ४४. २.३० कापणं चालू, वारा फिरला, आमच्याकडून साईटकडे. ४६, पलीकडचा ७९. मागघरात पांढरा बीम, १ वाजता झाकला."

वारा फिरल्यावर पलीकडचा आकडा चढला, हे सुपरवायझरला वहीत दाखवलं. तो बराच वेळ बघत होता. दुसऱ्या दिवशी कटरपाशी पाण्याचा डबा दिसला. रोज वापरतात असं नाही, वापरलं त्या दिवशी मी तेही लिहिते. कटरवाल्या मुलाशी बोलले, तो देवदुर्गकडचा, खोकला आहे म्हणाला. अर्जात त्यांच्यासाठी मास्क आणि ओलं कापणं वेगळ्या परिच्छेदात घातलंय. अर्ज कन्नडमध्ये आमच्या समोरच्या मास्तरांनी लिहून दिला, पोच मिळाली.

एक शंका. वळीव आला आणि बादली भरली तर काय करायचं? ओतून टाकायचं का?

---

काचेचा फिल्टर

पान उत्तम आहे. दुपारचा वारा फिरल्याची ओळ अर्जाच्या पहिल्या पानावर घ्या. त्यात एक भर घाला: आर्द्रता. मीटरवर दिसत असेल तर प्रत्येक नोंदीपुढे.

पाणी ओतू नका, धूळ त्यातच आहे. वळिवाच्या आधी वारं सुटतं तेव्हा सगळ्या गावाची माती उडते, ती दोन्ही बादल्यांत पडेल, म्हणून खासबागची बादली त्या दिवशी हलवू नका. बादली भरत आली तर झाकणाच्या स्वच्छ डब्यात पाणी काढून ठेवा, डब्यावर तारीख लिहा, बादली तिथंच पुन्हा ठेवा. महिनाअखेर सगळं एकत्र करून आटवा. आटवायला वेळ लागेल, पण उकळी फुटू देऊ नका, थेंब उडाले की वजन जातं.